गाळलेली पावलं

जानेवारीच्या तीन तारखेला, सकाळी सव्वाअकरा वाजता, अगस्ती केंद्रावर पाऊस पडला आणि तो मोजायला केंद्रात भांडंच नव्हतं.

असणार तरी कुठून? अगस्ती म्हणजे अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यावरच्या उघड्या खडकावर उभं केलेलं हवामान केंद्र. दोन हजार त्रेचाळीस सालचा तो उन्हाळा धरून केंद्राला अठ्ठावीस वर्षं झाली होती. तिकडं डिसेंबर-जानेवारी हा उन्हाळा. सूर्य मावळत नाही, तरी पारा शून्याच्या आसपासच घुटमळतो. आकाशातून पडेल ते हिम. ते मोजायला खुणांच्या काठ्या होत्या, लेझर होते. पण पाण्याचा थेंब मोजायची सोय करावी असं आजवर कुणाला सुचलंही नव्हतं.

केंद्राची हवामानशास्त्रज्ञ केतकी नाईकवडी निरीक्षणाच्या खोलीत बसली होती. काचेवर टपटप झाली तेव्हा तिनं मानही वर केली नाही. तासगावात वाढलेल्या बाईला त्या आवाजाचं काय नवल? मग एकदम तिच्या ध्यानात आलं की आपण तासगावात नाही. खुर्ची मागं पाडून ती स्वयंपाकघराकडं पळत सुटली.

"वानखडेभाऊ, डबा द्या! उभ्या कडांचा, तोंड आणि बूड एकसारखं असलेला!"

वानखडे यवतमाळचे. बारा जणांच्या वस्तीला जेवू घालायला म्हणून पहिल्यांदा आले, ते सतरा जणांची वस्ती झाली तरी दर मोहिमेला येतच होते. ते कढईपाशी उभे होते.

"काऊन? काय झालं?"

"पाऊस पडतोय!"

"मंग पडू द्या ना," ते म्हणाले, आणि झारा त्यांच्या हातात तसाच राहिला. "अहो, इथं?"

शेवेचा डबा ताटात उपडा झाला. पाच मिनिटांत झाडून सगळी वस्ती खडकावर उभी होती, तोंडं वर करून, काहीजण नुसत्या बनियनवर. वानखडे जिभेवर थेंब घेऊन "गोड आहे बाप्पा" म्हणाले तेव्हा सगळे लहान पोरांसारखे हसले. संध्याकाळी केतकीनं डब्यात पट्टी बुडवली. पावणेतीन मिलिमीटर. वहीत पावसाचा रकानाच नव्हता. तो तिनं हातानं आखला आणि आकडा लिहिला.

त्या महिन्यानं मग सगळ्यांना वेडच लावलं. पारा चार, सहा, आठ आणि तेरा तारखेला अकरापर्यंत चढला. अठरा तारखेपर्यंत नऊ दिवस पावसाचे भरले, डब्यातली बेरीज एक्केचाळीस मिलिमीटरवर गेली. खडकांच्या कपारीतून ओहोळ वाहू लागले. कधी न पाहिलेलं हिरवं शेवाळ दारापाशी उगवलं. जगभरातून निरोपांचा पाऊस सुरू झाला: आकडे पाठवा, फोटो पाठवा, त्या डब्याचा व्यास कळवा.

कारण साऱ्यांना ठाऊक होतं, फक्त इतकं जवळून कुणी पाहिलं नव्हतं. तापलेल्या समुद्रावरची वाफ सगळीकडं सारखी पसरत नाही. कधी कधी ती दोन-तीन हजार किलोमीटर लांबीच्या अरुंद पट्ट्यात गोळा होते आणि ध्रुवाकडं वाहत सुटते. आकाशातली नदीच ती, एकेका पट्ट्यात गंगेच्या कितीतरी पट पाणी. समुद्र जितका गरम, तितकी ही नदी भरलेली. त्या जानेवारीत अशा चार नद्या एकामागून एक अगस्तीच्या डोक्यावर येऊन रित्या झाल्या.

आकाशातल्या पाण्याचं पुढं काय होतं, हे ऐकायला केतकीजवळ दुसरं यंत्र होतं. त्याचं नाव हिमकर्ण.

केंद्रापासून बर्फाच्या पठारावरच्या वेधन छावणीपर्यंत, म्हणजे बर्फाला खोल भोक पाडणाऱ्यांच्या छावणीपर्यंत, दहा किलोमीटरची काचेची तार बर्फात पुरलेली होती. टेलिफोनला असते तसलीच, केसाएवढी. तारेच्या एका टोकातून लेझरचे ठोके सोडायचे. काच कितीही शुद्ध असली तरी तिच्यात बारीक दोष असतातच, आणि प्रत्येक दोषावरून थोडा थोडा प्रकाश मागं परततो. तारेखालचा बर्फ जराही हलला, अगदी केसाच्या हजाराव्या भागाइतका, तरी परतणारा प्रकाश बदलतो. थोडक्यात, तारेचा एकेक मीटर म्हणजे एकेक कान. बर्फ कुठं कण्हतोय, कुठं तडकतोय, हे केतकीला खुर्चीत बसून कळायचं.

अडचण एकच झाली. हिमकर्णाला माणसंही ऐकू येत.

पहिल्या हिवाळ्यात त्याची गंमत वाटली होती. कोण जेवायला येतंय हे पडद्यावर दोन मिनिटं आधी कळे, कारण प्रत्येकाच्या चालीचा ठसा वेगळा. त्यातला सर्वांत ओळखीचा ठसा होता सलीम मुजावरचा. सलीम वेधन यंत्राचा मिस्त्री, मिरजेचा. केतकीहून पाच वर्षांनी मोठा. दोघांचं मैत्र गावाकडच्या द्राक्षांवरून सुरू झालं आणि घट्ट झालं. अंटार्क्टिकाच्या बर्फाच्या पार तळापर्यंत वेध घ्यायचा, तळाचा खडक वर आणायचा, या एका कामासाठी सलीमनं आठ वर्षं वाट पाहिली होती.

त्या हिवाळ्यात केतकीला पडद्यावर दिसलं की त्याचं डावं पाऊल हलकं पडतंय. दोन बोटं थंडीनं मेली होती आणि तो कुणालाच सांगत नव्हता. तिनं काळजीपोटी, सगळ्यांच्या देखत, जेवणाच्या टेबलावर विचारलं. डॉक्टरांनी पाय पाहिला, बोटं काढावी लागली, आणि सलीमला पहिल्या जहाजानं घरी धाडण्यात आलं.

"बोटं गेल्याचं दुःख नाही मला," जाताना तो तिला म्हणाला होता. "पाय वाचला, तेही कळतंय. पण मला न विचारता तू माझं चालणं वाचलंस."

दोन वर्षांनी तो परत आला तो अट घालून. माणसांची पावलं यंत्रानं ठेवायचीच नाहीत. केतकीनं स्वतः बसून गाळणी लिहिली: सेकंदाला दोनच्या आसपास ठोके, आणि ते ठोके माणसाच्या वेगानं तारेवरून पुढं सरकताहेत, असं दिसलं की तेवढा भाग जागच्या जागी पुसून टाकायचा. गाळणी उघडायचा परवलीचा शब्द कर्मचाऱ्यांच्या प्रतिनिधीकडं, म्हणजे सलीमकडंच राहील असा करार झाला. सतराही जणांनी सह्या केल्या. गाळणी इतकी नेटकी होती की केतकीनं ती हिमकर्ण वापरणाऱ्या आणखी नऊ देशांच्या केंद्रांना फुकट दिली. कौतुक खूप झालं. सलीम मात्र तिला तेव्हापासून 'मॅडम' म्हणत होता.

एकोणीस तारखेला दुपारी दोन वाजता बाहेर दाट धुकं होतं आणि पाऊस पडतच होता. सलीम आणि हिमशास्त्रज्ञ अश्लेषा कामत छावणीवर होते. तळाचा खडक फक्त चाळीस मीटर उरला होता, म्हणून धुकं असूनही दोघं मागं यायला तयार नव्हते. केतकी पंधरवड्याचा अहवाल भरत होती. त्यात एक कंटाळवाणा रकाना असे: गाळणीनं वगळलेल्या नोंदी. एरवी शेकडा दोन, फार तर तीन.

आज तिथं एकतीस होते.

तिला वाटलं, मशीनमध्ये काही घोटाळा असेल. तिनं कालच्या एका दिवसाचा तपशील मागवला. आवाज पुसलेला होता, पण किती वेळा पुसला, कुठं पुसला, याची मोजदाद गाळणी ठेवत असे. केतकीनं आकडा वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला. आठव्या आणि दहाव्या किलोमीटरच्या मधे, जिथं दोन माणसं राहत होती, तिथून चोवीस तासांत चारशे बावन्न माणसं चालून गेली होती. सगळी केंद्राच्या दिशेनं. परत फिरलेलं एकही नाही.

तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

ती धावत मोहीमप्रमुखांकडं गेली. डॉ. फ्रान्सिस डाबरे वसईचे, भूगर्भशास्त्रज्ञ. त्यांनी आवाज चढवल्याचं कुणी कधी ऐकलं नव्हतं.

"सर, ती माणसं नाहीत. ते पाणी आहे."

"बसा. नीट सांगा."

"बसायला वेळ नाही. छावणीच्या वरच्या अंगाला पावसाचं आणि वितळलेल्या बर्फाचं तळं साचलंय ना? पाणी बर्फापेक्षा जड. भेगेत उतरलं की पाचर ठोकल्यासारखं बर्फ फाडत जातं. भेग एकदम फाटत नाही, सर. कापड फाडताना एकेक धागा तुटावा तशी एकेका झटक्यानं सरकते. सेकंदाला दोन झटके, चालल्यासारखी पुढं. थोडी चालते, थांबते, पुन्हा चालते. माझ्या गाळणीला वाटतंय कुणीतरी निघालंय. आणि ती सगळं पुसतेय."

डाबऱ्यांनी क्षणभर डोळे मिटले. "खात्री?"

"आवाज ऐकल्याशिवाय नाही. गाळणी उघडायला हवी."

"परवली सलीमकडं आहे."

बिनतारी संच जेवणघरात होता. केतकी हिमकर्णाचा लॅपटॉप उचलून डाबऱ्यांबरोबर तिथं गेली तेव्हा वानखडे आणि आणखी आठ-दहा जण चहाला जमलेले होते. केतकीनं बटण दाबलं.

"छावणी, छावणी, अगस्ती बोलतेय. सलीमभाई, मला गाळणीची परवली हवीय. आत्ता."

खरखर झाली. "कशासाठी, मॅडम?"

"तुमच्या खालून भेग निघालीय."

"भेग निघालीय हे कशावरनं? गाळणी चालू असताना तुम्हाला ऐकूच येत नाही काही."

"पुसलेलं ऐकू येत नाही. पण किती पुसलं ते मोजता येतं. काल तुमच्याजवळनं किती माणसं चालत गेली, सांगू? चारशे बावन्न."

"आम्ही दोघंच आहोत इथं," सलीम हळू म्हणाला.

"तेच म्हणतेय मी."

"मॅडम, अजून चाळीस मीटर..." जेवणघरात कुणी कप खाली ठेवत नव्हतं. मग त्यानं मोठा श्वास घेतलेला सगळ्यांना ऐकू आला. "लिही. सगळं एका शब्दात, मधे जागा सोडायची नाही. माझी. पावलं. माझी."

केतकीची बोटं कीबोर्डवर क्षणभर अडखळली. मग तिनं ते तीन शब्द जोडून लिहिले.

खोलीभर आवाज भरला. आधी पावसाची बारीक सरसर, दहा किलोमीटरभर. तिच्याखाली खोलवर कुठंतरी रिकाम्या हंड्यात धार पडावी तसा घुमणारा आवाज. आणि त्यावर स्पष्ट, शांत, न थकता चालल्यासारखं: टक्, टक्. टक्, टक्.

"आई गं," वानखड्यांच्या तोंडून निघालं.

"अश्लेषा, सलीमभाई, हातात असेल ते टाका आणि निघा," केतकी म्हणाली. "केंद्रापर्यंत यायचं नाही. सातव्या किलोमीटरला काळा सुळका आहे, त्याचा पाया खडकात आहे. तिथं चढा. तीन किलोमीटर."

बर्फावरची स्कूटर सुरू झाल्याची घरघर तारेवर उमटली. पाच मिनिटं ती सुरेख धावली. मग साडेआठव्या किलोमीटरवर घरघर जागीच वाढली आणि थांबली.

"रुतली!" अश्लेषाचा आवाज. "बर्फाचा चिखल झालाय नुसता. चालत निघतोय."

आता पडद्यावर दोन माणसांची पावलं उमटली. एक सरळ, भराभर. दुसरी जोडी केतकीनं इतक्या वर्षांनी पाहिली: उजवं जड, डावं हलकं. तिला डोळे पुसायला वेळ नव्हता, कारण सहाशे मीटर मागं, नवव्या किलोमीटरच्या जरा पलीकडं, थांबलेली टक् टक् पुन्हा सुरू झाली होती. दोघांच्याच दिशेनं.

तिनं मनात हिशेब मांडला. पाणी सेकंदाला सव्वा मीटर चालतंय. सलीम चिखलातून एक मीटरही नाही. सुळका दीड किलोमीटर.

"कितीवर आहे?" सलीमनं विचारलं.

खरं सांगावं की नाही? मागच्या वेळी तिनं विचारलं नव्हतं, सगळ्यांसमोर बोलून टाकलं होतं. या वेळी विचारणारा तो होता.

"सहाशे मीटर. तुमच्यापेक्षा थोडं जोरात येतंय. पोचाल, पण थांबू नका."

"बरं झालं सांगितलंस," तो म्हणाला, आणि त्याची पावलं खरंच थोडी जवळ जवळ पडू लागली.

धुक्यात त्या दोघांना स्वतःचे हात दिसत नव्हते. वाटेवरचे झेंडे वितळत्या बर्फात आडवे झाले होते. जागा केतकी सांगत होती, मीटर मीटर. आणि सात हजार तीनशेव्या मीटरपाशी तिचे कान टवकारले. अश्लेषाचं पुढचं पाऊल वेगळं वाजलं होतं. घट्ट 'धप्' नव्हे. 'धब्ब', आणि मागून हलका घुमारा.

बाजारात मडकं घेताना तासगावच्या बाया बोटाचं पेर मारून बघतात. पक्कं मडकं खणखणतं, फुटकं बदबदतं. केतकीनं आईबरोबर शंभरदा ऐकलं होतं ते.

"थांब अश्लेषा! पुढं पोकळ आहे. एक पाऊल मागं. आता डावीकडं एक पाय आपट."

धब्ब.

"उजवीकडं."

धप्.

"उजवीकडं या. दर दोन पावलांनी जोरात आपटा. दोघंही."

"सुळका डावीकडं आहे ना पण?" अश्लेषा ओरडली. तिच्या आवाजात पहिल्यांदाच भीती होती.

"आहे. तरीपण उजवीकडं. लांबून वळसा घ्यायचाय."

डाबरे मागून हळूच म्हणाले, "वळशात तीन मिनिटं जातील, केतकी."

"माहितेय, सर."

तिच्याजवळ नकाशा नव्हता. तिच्याजवळ दोन माणसांचे चार पाय होते. ते आपटत गेले आणि ती सांगत गेली: इथं पक्कं, इथं नको, अजून दोन हात, आता डावीकडं. सलीमचं हलकं पाऊल नीट वाजत नव्हतं, म्हणून तो उजवाच पाय पुन्हा पुन्हा आपटत होता. प्रत्येक ठोक्यामागं त्याचा हुंकार संचातून ऐकू येई. मागची टक् टक् चारशेवर आली. मग अडीचशेवर. वानखडे कानांवर हात दाबून उभे होते, पण खोलीबाहेर जात नव्हते.

मग एक पाऊल असं वाजलं की घुमारा नाही, पाणी नाही, काही नाही. कोरडा टणत्कार.

"दगड!" सलीम ओरडला. "केतके, दगड लागला!"

भेग तेव्हा नव्वद मीटरवर होती.

चार वाजून दहा मिनिटांनी ती तळ्यापासून सुळक्याच्या पायथ्यापर्यंत एकसंध फाटली. हिमकर्णावर तो आवाज आला नाही, कारण तार तीन ठिकाणी तुटली. पण सात किलोमीटरवरच्या केंद्राच्या खिडक्या थरथरल्या. दोन चौरस किलोमीटरचं तळं पन्नास मिनिटांत बर्फाच्या पोटात गेलं. छावणीचा मनोरा, वेधनयंत्र आणि सलीमची आठ वर्षं, सगळं त्यात कलंडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुकं विरलं आणि हेलिकॉप्टरनं दोघांना सुळक्यावरून आणलं. वानखड्यांनी दोन ताटं वाढली, एवढी की त्यात चौघं जेवले असते. अश्लेषा जेवता जेवताच झोपली. सलीम मात्र ताट बाजूला सारून निरीक्षणाच्या खोलीत आला. डावा बूट हातात, पायाला ओलं फडकं गुंडाळलेलं.

"आवाज आहे तुझ्याकडं?"

"आहे. तुमचाच आहे. पुसू म्हणालात तर आत्ता पुसते."

"आधी ऐकव."

तिनं त्याच्या कानाला हेडफोन लावले. तो डोळे मिटून स्वतःचं चालणं ऐकत होता. मग त्याचा चेहरा बदलला. आपल्या पावलांमागून येणारी ती दुसरी पावलं त्यानं शेवटपर्यंत ऐकली.

"माझ्यासारखंच चालतंय की गं," तो म्हणाला.

"म्हणून तर फसले मी."

"तू नाही. माझ्यापायी लिहिलीस ती गाळणी."

"लिहिली मीच. आणि सलीमभाई, ती आणखी नऊ ठिकाणी चालू आहे."

दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. आकाशातल्या नद्या फक्त अगस्तीवर रित्या झाल्या नव्हत्या.

डाबरे दारात उभे होते. त्यांना कळायला वेळ लागला नाही. "मुख्यालयाला विचारावं लागेल," ते म्हणाले. "आपल्या यंत्रणेत दोष आहे असं दुसऱ्या देशांना परस्पर कळवता येत नाही. समिती बसेल, पंधरवडा जाईल."

"दोष यंत्रणेत नाही, सर. माझ्यात आहे. माझ्या नावानं मी कळवते."

"याचे परिणाम तुम्हाला माहीत आहेत. पुढची मोहीम मिळणार नाही कदाचित."

"मला पाऊस दिसला, सर. हवामानाच्या माणसाला इथं आणखी काय हवं? पुढची मोहीम नाही मिळाली तर नाही."

खोलीतली दुसरी खुर्ची ओढून डाबऱ्यांनी ती सलीमकडं सरकवली आणि म्हणाले, "पाय वर घेऊन बसा. बिनतारी संचही इथंच मागवतो." आणि ते गेले.

केतकीनं निरोप लिहिला, चार ओळींचा. गाळणी माझी आहे, ती चुकते आहे, पाण्याला माणूस समजते आहे. तुमच्या वस्तीत माणसं किती आणि काल पुसलेल्या फेऱ्या किती, हे आत्ताच्या आत्ता पाहा. तिनं नऊही ठिकाणी तो एकदम पाठवला.

पहिलं उत्तर सात मिनिटांत आलं. माणसं तीस, फेऱ्या अठ्ठावीस. ठीक. दुसरंही ठीक. तिसऱ्यानं खवचटपणे विचारलं होतं की चूक कळायला इतके दिवस का लागले. वानखडे चहा ठेवून गेले, तो गार झाला.

चौथं उत्तर किनाऱ्यावरच्याच, पण हजार किलोमीटर पूर्वेकडच्या केंद्राचं होतं. माणसं चौदा. काल पुसलेल्या फेऱ्या अकराशे सहा. आणि खाली एक ओळ: बर्फावरच्या छावणीत आमचे तीन जण आहेत, त्यांना काय सांगू?

केतकी टंकायला लागली, पण सलीमनं बिनतारी संच आधीच उचलला होता. त्यानं त्या केंद्राची लहर लावली आणि आपल्या तोडक्यामोडक्या इंग्रजीत सुरुवात केली. जेवत असतील तर जेवण टाकून उठवा. सामान घेऊ देऊ नका. जवळचा खडक कुठला ते सांगा, आणि तिथं पोचेपर्यंत पाय आपटत चला म्हणावं. कुठं पोकळ आहे ते तुमची तार सांगेल, तुम्ही फक्त कान द्या.

तिकडच्या बाईनं गोंधळून विचारलं, "आपण कोण बोलताय? मोहीमप्रमुख का?"

सलीमनं केतकीकडं पाहिलं, आणि आदल्या दिवसापासून पहिल्यांदाच तो मोकळं हसला.

"नाही बाई," तो म्हणाला. "काल त्या पाण्याच्या पुढं चालत आलेला माणूस बोलतोय."

संचावर खुर्ची सरकली, दार आपटलं आणि कुणीतरी जिवाच्या आकांतानं हाका मारत पळत सुटलेलं ऐकू आलं.

ते तिघं दोन तासांत खडकावर पोचले. त्यांचं तळं त्यानंतर वीस मिनिटांनी रिकामं झालं.